खत-पाणी सगळं दिलं, तरी फूल काऊन येत नाही?

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन तीन-चार दिवस झाले, की आमच्याकडच्या अंगणांत रेन लिली उगवते. उन्हाळाभर ज्या कुंडीत नुसती भेगाळलेली माती दिसायची, तिच्यातून गुलाबी फुलांचे दांडे अचानक वर येतात. कुणी खत टाकलेलं नसतं, की पाणी घातलेलं नसतं. शेजारीच मोगऱ्याची कुंडी असते. तिला वर्षभर शेणखत, मधूनमधून युरियाची चिमूट आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी. मोगरा हिरवागार आहे, हातभर लांब फांद्या काढून बसलाय, आणि कळी एकही नाही. "भाऊ, याले मी सगळं देलं, तरी फूल काऊन येत नाही?" हा प्रश्न दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वहिनींकडून येतोच.

सगळं दिलं म्हणूनच येत नाही, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जरा लांब आहे.

पान झाडाला कमावून देतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी आणि ऊन यांतून साखर तयार होते ती पानात. फूल मात्र नुसता खर्च करतं. रंग, वास, मध आणि पुढे बी, हे सगळं पानांच्या कमाईतून. म्हणून पाणी आणि नत्र (नायट्रोजन) मुबलक मिळतंय तोवर बरीच झाडं पानं आणि फांद्याच वाढवत राहतात. फुलावर कधी यायचं, हे ती काही ठरावीक खुणांवरून ओळखतात. त्यातल्या तीन खुणा अंगणात बाग करणाऱ्याला कळल्या तरी निम्म्या तक्रारी मिटतात: पाण्याचा ताण, रात्रीची लांबी आणि झाडाचं वय. पहिली खूण विदर्भातल्या वरूड-मोर्शी-काटोलकडच्या संत्रावाल्यांना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

संत्र्याचा ताण, मोगऱ्याचा ताण

नागपुरी संत्र्याचे मुख्य बहार, म्हणजे फुलावर येण्याचे हंगाम, दोन. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत. एकाच झाडावर दोन्ही भरघोस घेता येत नाहीत, म्हणून शेतकरी एक बहार धरतो आणि त्याच्या आधी बागेचं पाणी तोडतो. आंबियासाठी हे हिवाळ्याच्या सुरुवातीला करतात, तेव्हा थंडीही मदतीला येते. मृगासाठी मे महिन्यात. पानं मलूल होतात, फिक्कट दिसू लागतात, थोडी पानगळ सुरू होते. तेवढं दिसलं की ताण तोडायचा. खत देऊन आधी हलकं पाणी, मग बेताबेतानं पुरेसं. मृगात हे काम आभाळच करतं. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत बाग फुलानं पांढरी होते. मुरमाड, हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत त्याहून बरेच दिवस लागतात, कारण ती माती ओल धरून ठेवते. हिवाळ्यात मध्येच अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो आणि आंबिया फिसकटतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

या काळात झाडाच्या आत काय चाललेलं असतं? पाणी तुटल्यावर नवी फूट थांबते, पण पानं लगेच काम सोडत नाहीत. थोडीबहुत साखर बनत राहते आणि वाढीला खर्च होत नसल्यामुळे ती फांद्यांत-मुळांत साठते. त्याच वेळी कोरडेपणामुळे किंवा थंडीमुळे पानातला एक जनुक कामाला लागतो. त्याच्यापासून तयार झालेलं प्रथिन पानातून डोळ्यांपर्यंत, म्हणजे न फुटलेल्या कोंबांपर्यंत जातं. एरवी ज्या डोळ्यातून पानाची काडी निघाली असती, त्यातून पाणी मिळताच फूल निघतं. या प्रथिनाची ओळख पुढे शेवंतीपाशी करून देतो, कारण त्याचा शोध लागायला शेवंतीच कारणीभूत झाली.

मोगऱ्यालाही ताण मानवतो, पण त्याचं आणखी एक म्हणणं आहे. त्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, जुन्या काडीवर नाही. त्यामुळे नुसतं पाणी तोडून भागत नाही, छाटणीही लागते. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत जायचं. जानेवारीच्या शेवटी, रात्रीची थंडी ओसरायला लागली की वाळक्या, बारीक, एकमेकांत गुंतलेल्या काड्या काढून टाकायच्या आणि जोमदार फांद्या निम्म्यापर्यंत छाटायच्या. उरलेली पानंही ओरबाडली तरी चालतात. मग वरची माती हलवून कुजलेलं शेणखत आणि पोटभर पाणी. मार्चमध्ये कळ्या दिसू लागतात. पहिला भर ओसरला की फुलं येऊन गेलेले शेंडे दोन पानांच्या जोड्यांसकट खुडायचे, की पुन्हा नवी फूट आणि पुन्हा कळ्या.

एक इशारा मात्र द्यायला हवा. संत्र्याचं मूळ जमिनीत खोल गेलेलं असतं, कुंडीतल्या मोगऱ्याला वीतभर माती. कुंडी महिनाभर कोरडी ठेवलीत तर हाती फुलाऐवजी काडी येईल. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की अगदी थोडं पाणी द्यायचं, कुंडीसाठी एवढा ताण पुरतो. आणि आत्ता, भर जूनमध्ये, ज्यांच्या मोगऱ्याला फक्त पानं आहेत त्यांनी लांब फांद्या एक तृतीयांश कापाव्यात, युरियाची पिशवी उचलून ठेवावी आणि कुंडी सावलीतून उन्हात आणावी. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर मोगऱ्यापुढे बाकी सगळे उपाय वाया आहेत.

रेन लिलीचं गणितही याच जातीचं. तिचा कांदा उन्हाळ्यात मातीत पडून असतो आणि कोरड्या काळानंतरच्या पहिल्या भरपूर पावसानं जागा होतो. तिच्या कुंडीला मे महिन्यात रोज पाणी घालणारा माणूस स्वतःच्या हातानं तिची मजा घालवतो. आपल्याकडे ज्याला मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणतात, तिचा लाल गोंडाही पानांच्या आधी येतो आणि वर्षातून एकदाच. बाकीचे महिने कांदा शाबूत राहिला म्हणजे झालं. घराबाहेर बघितलं तर पळस, मोह आणि बहावा ही आपली सगळी उन्हाळी श्रीमंती पाण्याच्या टंचाईच्या दिवसांतच फुलते.

पण म्हणून दिसेल त्या झाडाचं पाणी तोडू नये. जास्वंदाला ताण बसला की तो कळ्याच टाकून देतो. गुलाबाचंही तेच. त्याला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी पुरते. तिथून साधारण सहा-सात आठवड्यांत नव्या फांद्यांवर फुलं येतात.

माजलेलं झाड

कपाशी पिकवणाऱ्या जिल्ह्यांत हे समजावणं सोपं जातं. युरिया जास्त झाला, त्यात पाऊस चांगला झाला, की कपाशी माजते. कमरेच्या वर जाते, पात्या, म्हणजे कळ्या, कमी लागतात. शेतकरी मग युरिया थांबवतो, शेंडे खुडतो. हाच माणूस घरी आल्यावर अंगणातल्या गुलाबाला मूठभर युरिया टाकतो, हे मात्र मला न उलगडलेलं कोडं आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं, शेणखतात साधारण अर्धा टक्का. कुंडीतल्या चार-पाच किलो मातीला युरियाची चिमूटही भारी पडते. नत्रानं पानं वाढतात. फुलासाठी स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशही (पोटॅश) लागतं. घरच्या बागेला कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि चुलीतली राख एवढं बहुतेक वेळा पुरतं, पण राख अगदी बेतानं, कारण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असते आणि राख तिला आणखी त्याच बाजूला ढकलते.

शेंडा खुडण्यामागचं कारणही सांगून टाकतो. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खाली उतरत बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब उठतो, बगलफुटी निघतात. एका काडीच्या चार काड्या झाल्या की चार ठिकाणी फूल. शेवंती, झेंडू, मोगरा, तिघांनाही हे मानवतं. शेवंतीची खुडणी मात्र ऑगस्टच्या अखेरीपर्यंत उरकायची. त्यानंतर खुडलं तर येऊ घातलेली कळीच हातात येते.

शेवंती रात्र मोजते

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

विदर्भातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट अनुभवानं माहीत आहे. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, तूर तीन आठवडे उशिरा पडली, तरी तिची फुलं शेजारच्या वेळेवर पेरलेल्या तुरीपेक्षा तीन आठवडे उशिरा येत नाहीत. झाड लहान राहतं, पण फुलण्याची वेळ जवळपास गाठतं. म्हणजे तूर आपल्या पेरणीपासूनचे दिवस मोजत नाही, बाहेरची कुठली तरी वेळ बघते.

अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांना हेच कोडं सोयाबीनमध्ये पडलं होतं. त्यांनी बिलॉक्सी नावाचं सोयाबीन मे ते ऑगस्टपर्यंत थोड्याथोड्या दिवसांनी पेरलं. सगळं फुललं ते सप्टेंबरच्या आसपास. दुसरीकडे मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती, ती उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून जायची पण फुलायची नाही, आणि हिवाळ्यात काचघरात ठेवली की निमूट फुलायची. त्यांनी तापमान, ओल, खत, सगळं तपासलं. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात काही झाडं रोज दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली आणि सकाळी बाहेर काढली. दिवस असा आखूड केल्याबरोबर झाडं फुलावर आली. १९२० मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं.

पुढे आणखी एक गंमत उघडकीस आली. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांचं एक तण घेऊन प्रयोग केले. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर त्या झाडाला काही फरक पडला नाही. रात्री मध्येच थोडा वेळ उजेड दाखवला, की फुलणं बंद. म्हणजे झाड मोजतं ती सलग, न मोडलेली रात्र. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, लाल उजेड पडला की त्याचं रूप बदलतं. रात्रीच्या मोजणीत हा उजेड ते टिपून घेतं.

आणि ही मोजणी करतं पान, शेंडा नाही. रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीच्या झाडांवर प्रयोग करून हे दाखवलं. पानांना आखूड दिवस आणि शेंड्याला लांब दिवस दिला तरी शेवंती फुलली. उलटं केलं तर फुलली नाही. याचा अर्थ पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जात होता. १९३७ मध्ये त्यांनी त्या निरोप्याला फ्लोरिजेन असं नाव दिलं. नाव मिळालं, वस्तू मात्र सापडेना. अखेर २००७ मध्ये तो निरोप्या म्हणजे एक छोटं प्रथिन असल्याचं सिद्ध झालं. संत्र्याला ताण दिल्यावर पानातून डोळ्यांकडे जाणारं प्रथिन याच कुळातलं.

आता आपल्या अंगणात या. नागपूरला २१ जूनच्या सुमारास दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १० तास ५० मिनिटांचा. जून-जुलैमध्ये लावलेली शेवंती पावसाळाभर नुसती वाढते. दिवस आखूड होत जातात, रात्र लांबते, आणि जातीजातीप्रमाणे ऑक्टोबर ते डिसेंबर ती फुलते. जूनमध्ये शेवंतीला फूल नाही म्हणून खत वाढवणं, हा पैशाचा आणि शेवंतीचा दोघांचाही अपमान आहे.

ग्रामपंचायतीनं नवे एलईडी दिवे लावल्यापासून मात्र एक वेगळीच तक्रार ऐकू येते. एकाच वाफ्यातली शेवंती अर्धी फुलते, अर्धी नाही. खांबाच्या बाजूची अर्धी नाही. दिव्याच्या उजेडात तिची रात्र मोडते. मोठे फूलशेतकरी हीच युक्ती मुद्दाम वापरतात. रात्री दिवे लावून शेवंतीचं फुलणं पुढे ढकलतात, किंवा संध्याकाळी काळं कापड झाकून अलीकडे ओढतात. आपल्याला एवढंच करायचं, की कुंडी खांबाच्या आणि ओसरीच्या दिव्याच्या उजेडातून हलवायची. जमिनीत असेल तर सप्टेंबरपासून त्या बाजूला पोत्याचा आडोसा केला तरी काम होतं. लाल पानांची पॉइन्सेटिया याच स्वभावाची. सदाफुली आणि गुलाब यांना मात्र रात्रीशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना ऊन आणि ऊब मिळाली की झालं.

वय

बियापासून उगवलेल्या झाडाला काही वर्षं फूल येतच नाही. ताण द्या, रात्र लांबवा, काही करा. कोयीपासूनचा आंबा सहा-आठ वर्षं तरी घेतो, बियाचं लिंबूही बरीच वाट बघायला लावतं. कलमाची गोष्ट वेगळी. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरतात. तो डोळा फळ देणाऱ्या जाणत्या झाडावरचा असतो, त्यामुळे रोप हातभर असलं तरी डोळ्याचं वय आईचंच असतं. पारिजातक, चाफा, जास्वंद घेताना बियाचं आहे की फांदीचं, हे विचारून घ्यावं. चाफा आणि जास्वंद तर फांदी खोचूनही येतात, विकत घ्यायचीही गरज नाही.

नवीन आणलेलं रोप

पावसाळा लागला की आठवडी बाजारात रोपांच्या गाड्या येतात. फुलांनी लदलेलं रोप बघून हात आपोआप खिशात जातो. मी तरी फुललेल्यापेक्षा बारीक कळ्या असलेलं, बुडाशी चार-पाच फांद्या असलेलं रोप निवडतो. गाडीतले धक्के, उन्हातला फरक, माती बदलणं, या सगळ्यात उघडलेली फुलं तर जातातच, मोठ्या कळ्याही गळतात. शिवाय काही रोपवाटिका वाढ रोखणारी औषधं वापरून रोप बुटकं आणि फुलांनी भरलेलं ठेवतात. औषधाचा असर ओसरला की तेच रोप उंच वाढतं आणि काही महिने फूल दाखवत नाही. त्यात रोपाचा दोष नाही, तुमचाही नाही.

ही रोपं बहुधा हिरव्या जाळीखाली, नारळाच्या भुश्यात वाढलेली असतात. तशीच उचलून काळ्या चिकण मातीत घातली तर पाणी दोन प्रकारे अडचण करतं. भुसा लवकर सुकतो आणि भोवतालची माती चिखल होऊन मुळं गुदमरतात. आठ-दहा दिवस निमसावलीत ठेवून मग लावावं. कुंडीसाठी काळी माती एक भाग, बारीक मुरूम किंवा रेती एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. तळाची भोकं पाऊस लागण्याआधी एकदा काडीनं मोकळी करून घ्यावीत. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर नत्र कमी नाही, लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. युरियानं ते बरं होत नाही. फेरस सल्फेटची अगदी सौम्य फवारणी कामी येते.

फूल आहे, फळ नाही

आता परसातल्या वेलांकडे. कोहळं (लाल भोपळा), काकडी, दोडका, लवकी (दुधी) जूनमध्ये लावल्यावर महिना-सव्वा महिन्यात पहिली फुलं येतात आणि गळून जातात. घाबरायचं काही नाही, ती नर फुलं असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ आधीच दिसतं, नर फुलाला नुसता दांडा. सुरुवातीचे दिवस नर फुलांचेच असतात, आणि कडक ऊन, लांब दिवस व जास्त नत्र असेल तर त्यांचा जोर वाढतो. पुढे मादी फुलं येऊनही फळ धरत नसेल, तर मधमाश्या पोचत नाहीयेत. झडीच्या दिवसांत हे हमखास होतं. मग नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलके लावायचे. कोहळं आणि काकडीसाठी हे सकाळी आठच्या आत, कारण दुपारपर्यंत फूल मिटतं. लवकीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उघडतं, त्यांच्याकडे दिवेलागणीला जायचं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात, आणि कोहळ्याची उरलेली नर फुलं बेसनात बुडवून तळायला मोकळी.